घोळीचा आवाज

पागधरे बाई वर्गात शिकवायला लागल्या की खाली रस्त्यावर ऐकू यायचं. आमची शाळा पंचवटीत, भाजीबाजाराला लागून. बाई वरच्या मजल्यावर आठवीच्या मुलींना विज्ञान शिकवत आणि खाली मेथीच्या जुड्या लावणाऱ्या बायका मान वर करून ऐकत. त्यांतली एक मला एकदा म्हणाली, "तुमच्या त्या बाईंमुळं मला पण कळलं बघा, वीज आधी का दिसती न् गडगडाट मागनं का येतो."

एखादी मुलगी तोंडातल्या तोंडात उत्तर द्यायला लागली की बाई टेबलावर डस्टर आपटून म्हणायच्या, "मोठ्यानं बोल गं, वारा आहे!" वर्गाच्या खिडक्या बंद असायच्या, पंखासुद्धा नसायचा. मुलींना वाटायचं, ही बाईंची गंमत. पुढे मी त्यांच्या गावी गेले तेव्हा कळलं की गंमत वगैरे काही नव्हती. समुद्राकाठच्या त्या गावात सगळेच असे बोलत. चहा घेतोस का, हेसुद्धा तिथे ओरडूनच विचारायचं असतं.

बाईंचं नाव कमळ. पालघरच्या बाजूच्या एका लहानशा कोळीवाड्यातल्या त्या. बी.एस्सी. करून नाशिकला नोकरीला आल्या आणि शाळेजवळ खोली शोधू लागल्या. एका घरमालकांनी दारातच विचारलं, "मासे खाता का?" बाई म्हणाल्या, "खाते म्हणजे काय, दात यायच्या आधीपासून खाते." खोली अर्थातच मिळाली नाही. मी त्याच शाळेत मराठी शिकवत होते. मी म्हटलं, "आमच्याकडे चला. आमच्या वसाहतीत हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारणार नाही." विहाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. आईनं मागची खोली रिकामी करून दिली, आणि महिन्याभरात बाई आईकडून ठेचा शिकल्या, आई बाईंकडून सुक्या बोंबलाचं कालवण. मी 'गांगुर्डे बाई'ची 'शकू' झाले आणि त्या माझ्या 'कमळ'. तरी लिहिताना माझ्या हातून 'पागधरे बाई' असंच उतरतं. ते नाव त्यांना शोभून दिसायचं.

नाशिक त्यांना आवडायचं, गोदावरी मात्र नाही. रामकुंडावर मी त्यांना पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा त्या काठावरून वाकून पाण्यात बघत म्हणाल्या, "पाणी छान आहे. पण कुठं जायचं ते त्याला आधीच ठाऊक आहे. त्यात काय मजा?"

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. दिवाळीच्या सुट्टीत बाई मला म्हणाल्या, "शकू, या वेळी तूही चल. आठवडाभर समुद्र बघ. बाबांच्या होडीची घोळ खा आणि मग मला सांग, तुझ्या त्या नदीतल्या मरळीत काय आहे ते." घोळ हा मोठा, भारी मासा. एकेक वीस-वीस किलोचा. कोळ्यांच्या घरात घोळ आली म्हणजे सण आला.

एसटीनं त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत आम्ही घाट उतरलो. वाटेत बाई मला त्यांच्या वडिलांबद्दल सांगत होत्या. हिराजी तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. त्या पट्टीतल्या दहा गावांत 'हिराजीचा कान' प्रसिद्ध होता. घोळीचा थवा पाण्याखाली बेडकासारखा आवाज करतो. होडीचं इंजिन बंद करायचं, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं आणि दांड्याला कान लावायचा. पाण्यातला आवाज लाकडातून वर येतो. थवा कुठे आहे, किती मोठा आहे, हे हिराजी नुसतं ऐकून सांगत. लहानपणी बाई त्यांच्या मांडीवर बसून ते आवाज ऐकत. पुढे मोठ्या झाल्या आणि होडीत जाणं बंद झालं. बाईमाणसानं होडीत पाय ठेवायचा नाही, असा तिथला रिवाज होता.

घरी पोहोचलो तर घोळ नव्हती. बाईंच्या आईनं ताटात सुकट वाढली आणि तोंड फिरवून घेतलं. दोन हंगाम झाले, हिराजींची होडी रिकामी येत होती. दुसऱ्यांना घोळ मिळत होती, यांनाच नव्हती, आणि बाईंना हे कुणी कळवलं नव्हतं. बाईंचा भाऊ मुंबईला गोदीत लागलेला, त्याला समुद्र नको होता. होडीवरच्या खलाशांनी सांगून टाकलं होतं, की हा आठवडा बघतो, नाहीतर दिवाळीनंतर दुसऱ्या होडीवर जातो. खलाशी गेले म्हणजे होडी किनाऱ्यावर लागली, आणि हिराजी ओसरीवर.

हिराजी दिसायला उंच, काटक. माझ्याशी फार प्रेमानं बोलले. मी जे विचारीन त्याला भलतंच उत्तर द्यायचे, पण मला वाटलं, बोलीभाषेमुळे होत असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओसरीवर पाठमोरे बसून जाळं दुरुस्त करत होते. बाई चहा घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाबा, चहा." उत्तर नाही. पुन्हा म्हणाल्या. उत्तर नाही. तिसऱ्यांदा बाईंनी आपल्या नेहमीच्या आवाजात हाक मारली, तेव्हा ते वळून हसले.

बाई माझा हात धरून मला विहिरीपाशी घेऊन गेल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"शकू, बाबांना ऐकू येत नाही."

"पण घरात कुणाला कसं कळलं नाही?"

"इथं हळू बोलतंय कोण? मीच नाशिकला राहून हळू बोलायला शिकले, म्हणून मला कळलं."

दुपारी त्यांनी वडिलांना गाठलं. मी आत होते, पण त्या घरातलं काहीही ऐकू न येणं शक्य नव्हतं. हिराजी आधी भडकले. मग म्हणाले, "कोनाला सांगू नको, पोरी. तांडेल बहिरा झाला म्हनतील."

"नाही सांगत. पण मला होडीत न्या. मी ऐकते. तुम्ही कान लावल्यासारखं करा."

"बायमानूस होडीत? लोकांना काय सांगू?"

खरं सांगितल्याशिवाय मुलीला नेता येत नव्हतं, आणि खरं सांगायची तर हिंमत नव्हती. पुढचे दोन दिवस हिराजी तसेच गेले आणि तसेच परत आले. त्यातल्या दुसऱ्या दिवशी होडी लागली तेव्हा आम्ही किनाऱ्यावर होतो. रघ्या नावाचा त्यांचा सगळ्यात जुना खलाशी वल्हं वाळूत टाकून म्हणाला, "तांडेल, माफी करा. उद्यापासून मी नाय."

किनाऱ्यावर निम्मं गाव होतं. दुसऱ्या होड्यांतून मासळी उतरत होती, बायकांच्या टोपल्या भरत होत्या. पोशा आबा, म्हणजे कोळीवाड्यातला सगळ्यात वडीलधारा माणूस, तिथंच उलट्या होडीवर बसून होता. हिराजींनी रघ्याकडे पाहिलं, मग बायकांमध्ये उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे पाहिलं. आणि त्या अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"रघ्या, तुझी चूक नाय. चूक माजी हाय. मना आयकू येत नाय. दोन वर्सं झाली. वल्हा कानाला लावतंय, पन आत काय नाय. तुमाला फसवलंय मी."

हिराजी पुढे म्हणाले, "माजा कान या पोरीचे डोक्यात हाय. लहानपनी मीच घातलाय. उद्या ती येल. ज्याला यायचं त्यानी या."

पोशा आबा ताडकन उठला. "हिराजी, येडा झालास काय? बायमानूस होडीत नाय चालत. दर्या कोपंल."

बाई पुढे आल्या. म्हणाल्या, "आबा, दर्याला बायकांचं वावडं असतं, तर त्यानं आमच्या टोपलीत मासा ठेवला असता का? सगळी मासळी आम्हीच विकतो ना? बघू या की. बुडलो तर आम्ही बुडू."

'बघू या की' हे बाईंचं आवडतं वाक्य. परीक्षेला घाबरलेल्या मुलीला, पहिल्यांदा सायकलवर बसलेल्या मला, मुख्याध्यापिकांनी नाकारलेल्या सहलीला, सगळ्याला त्यांचं हेच उत्तर असायचं. रघ्यानं वाळूतलं वल्हं उचललं. मग म्हणाला, "आठवडा म्हनलो होतो. आठवडा अजून सरला नाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे बाई साडीचा काष्टा मारून होडीत चढल्या, तेव्हा पोशा आबा समुद्राकडे पाठ करून उभा राहिला. त्याच्यामागे आणखी चार-पाच जण. दुपारी होडी परत आली. जाळ्यात मासे होते, पण ते निघाले शिंगाळे, म्हणजे कमी भावाचे मिशाळ मासे. शिंगाळाही पाण्याखाली आवाज करतो. बाईंनी त्यालाच घोळ समजून जाळं टाकायला लावलं होतं. किनाऱ्यावर हसण्याची एकच लाट उठली. कुणी तरी ओरडलं, "मास्तरीनबाय, येकदम नापास!"

बाई घरी आल्या त्या थेट वडिलांपुढे बसल्या. मग त्यांनी वडिलांना विचारलं, "बाबा, शिंगाळा आणि घोळ, फरक कसा ओळखायचा?" हिराजींनी खूप समजावलं. शिंगाळा जुन्या खाटेसारखा करकरतो, घोळ घशातून बोलते. पण आवाज शब्दांत सांगून कळतो थोडाच? "एकदा तुमच्या कानानं ऐकता आलं असतं तर," बाई म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "शकू, नादकाटा!"

मला काही कळेना. मी मराठीची बाई. त्यांनी समजावलं, "मी वर्गात मुलींचे कान बंद करायला लावते आणि नादकाटा, तो दोन पायांचा पोलादी चिमटा, वाजवून त्याची दांडी दातांना टेकवते. तरी आवाज येतो. हाडातून जातो. कानाचं दार बंद असलं तरी हाडातून जायला वाट असते. बाबांची ती वाट उघडी असेल, नसेल. बघू या की."

आमच्या सुट्टीचे शेवटचे दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नेमका एक खलाशी आला नाही. शिंगाळ्यांवरून गाव हसलं होतं, ते त्याला सोसलं नाही. होडीत झिरपणारं पाणी सतत उपसायला एक माणूस लागायचाच. रघ्या म्हणाला, "आता काय करायचं?" बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही? हिला पवता येतं काय?"

"नाही," मी म्हटलं.

"मग उपशील मन लावून," रघ्या म्हणाला आणि माझ्या हातात डबा दिला.

या आठवड्याआधी मी फार तर नाशिकच्या धरणाचं पाणी पाहिलं होतं, आणि तेच मोठं वाटलं होतं. होडी खाडीच्या तोंडाबाहेर आली आणि लाटांवर चढायला-उतरायला लागली. मी उपसत होते, ओकत होते, पुन्हा उपसत होते. बाई मध्येच ओरडून विचारत, "जिवंत आहेस ना गं?" किनारा एक करडी रेघ झाला. मग तीही दिसेना. हिराजींनी हात वर केला. रघ्यानं इंजिन बंद केलं.

एवढी शांतता मी त्या माणसांमध्ये कधी अनुभवली नव्हती. कुणी खोकलंसुद्धा नाही. बाईंनी वल्ह्याचं पातं पाण्यात सोडलं आणि दांड्याला कान लावला, डोळे मिटले. काही नाही. होडी पुढे नेली. पुन्हा इंजिन बंद, पुन्हा कान. काही नाही. असं कितीदा झालं कोण जाणे. ऊन चढलं. रघ्या एकदा सूर्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघायला लागला. आणि मग बाईंची भुवई हलली.

त्यांनी डोळे उघडले, पण तोंडावर आनंद दिसेना. वडिलांपाशी जाऊन त्या खुणेनं म्हणाल्या, काही तरी आहे. पण काय आहे ते कळत नाही. पुन्हा शिंगाळा निघाला तर? मग त्यांनी वल्ह्याचा दांडा वडिलांच्या तोंडासमोर धरला आणि स्वतःचे दात दाखवून खूण केली, की हा दातांत धरा.

हिराजींनी आधी मान हलवली. एवढ्या मोठ्या तांडेलानं लहान मुलासारखं लाकूड चावायचं? बाईंनी हात जोडले. तेव्हा ते वाकले आणि वल्ह्याचा दांडा त्यांनी दातांत घट्ट धरला. दोन्ही हातांनी कान दाबून धरले.

मी डबा खाली ठेवला होता. पाणी माझ्या घोट्यापर्यंत आलं होतं, ते मला कळलंही नाही. हिराजींचा चेहरा आधी दगडासारखा होता. मग गालाचा एक स्नायू थरथरला. मग त्यांचे डोळे भरून आले आणि पाणी दाढीच्या खुंटांवरून ओघळायला लागलं, तरी ते दांडा सोडीनात. दोन वर्षं मुका झालेला समुद्र त्यांच्याशी बोलत होता. शेवटी त्यांनी तोंड उघडलं आणि जो आवाज काढला तो मी अजून विसरलेले नाही.

"घोळ! घोळच हाय! मायझया, कवरी घोळ हाय!"

मग काय झालं ते मी नीट क्रमानं सांगू शकत नाही. रघ्या जाळं सोडत होता, हिराजी वाऱ्यावर हात हलवून दिशा दाखवत होते, बाई वल्हं मारत होत्या, आणि सगळे एकाच वेळी ओरडत होते. जाळं टाकून झालं, थोडा वेळ गेला, आणि ओढायला घेतलं तर ते येईना. हिराजी, रघ्या, बाई आणि उरलेला खलाशी, चौघांनी ओढलं, येईना. हिराजी माझ्यावर खेकसले, "उपसतीस काय, ओढ!" मी डबा टाकला आणि दोर धरला. हात सोलवटले. होडी एका बाजूला कलली. आणि मग पाण्याखाली काही तरी चमकलं. आधी एक, मग तीन, मग सगळं पाणीच रुपेरी झालं, त्याला वरून सोन्याची झाक. एकेक घोळ रघ्याच्या कमरेपर्यंत पोचेल एवढी लांब. एकेक आत पडली की होडी हादरायची. मोजायचं कुणाला सुचलं नाही. शेवटच्या दोन-तीन घोळींना जागाच नव्हती. मी त्यांच्यावर बसून परत आले.

होडी एवढी खाली बसली होती, की किनाऱ्यावरच्यांना आधी वाटलं आम्ही बुडतोय. लोक पाण्यात धावत आले. आणि मग त्यांना होडीत काय आहे ते दिसलं. बाईंची आई टोपली न घेताच कमरेभर पाण्यात आली आणि नवऱ्याच्या नव्हे, मुलीच्या गळ्यात पडली. पोशा आबा सावकाश चालत आला. त्यानं एका घोळीचा कल्ला उचलून आतला लाल रंग पाहिला, मग वल्ह्याच्या दांड्यावर उमटलेले दातांचे वण पाहिले. आणि स्वतःच्या खांद्यावरचं पंचेवजा फडकं काढून त्यानं बाईंना तोंड पुसायला दिलं.

त्या संध्याकाळी कोळीवाड्यात ज्या घरी चूल पेटली, त्या घरी घोळ शिजली. रघ्या कुठेही गेला नाही. आणि तो न आलेला खलाशी दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी होडीत येऊन बसला. हिराजींनी एक गोष्ट मात्र आपणहून केली. आजवर आपल्यापुरतं ठेवलेलं ऐकण्याचं कसब त्यांनी रघ्याला शिकवायला घेतलं. स्वतः मात्र ते पुढेही दातांनीच ऐकत राहिले.

आम्ही नाशिकला परतलो ते घोळीचा मोठा तुकडा मीठ लावून, डब्यात घालून. जव्हारपर्यंत कंडक्टर काही बोलला नाही. मोखाड्याच्या पुढे त्यानं नाक मुरडून विचारलं, "बाई, डब्यात काय आहे?" पागधरे बाईंनी साऱ्या एसटीला ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "बक्षीस!" आईनं तो तुकडा आमच्या मसाल्यात केला आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी वाटीभर पोहोचवला.

ऐंशीनंतर पाच-सहा वर्षांनी बाई बदली घेऊन गावाजवळच्या शाळेत गेल्या. आता नाशिकला आमच्याकडे कुणी एवढ्या मोठ्यानं बोलत नाही. पण त्यांचं नाव निघालं की मला त्या घोळीच्या पुढच्या वर्षीचा श्रावण दिसतो. नारळी पौर्णिमेला त्यांनी मला मुद्दाम नेलं होतं. गाव वाजतगाजत किनाऱ्यावर आलं. समुद्राला नारळ द्यायचा मान त्या वर्षी हिराजींच्या होडीचा होता. पोशा आबानं सोनेरी कागद लावलेला नारळ हिराजींच्या हातात ठेवला. हिराजींनी तो डोक्याला लावला आणि बाजूला उभ्या असलेल्या मुलीच्या ओंजळीत दिला.

बाईंनी पोशा आबाकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं हातानं समुद्र दाखवला. मग म्हणाला, "माजेकडं काय बगतंस गो? टाक. दर्या थांबलाय."

बाई गुडघाभर पाण्यात गेल्या. त्यांनी नारळ कपाळाला लावला, हात मागे नेला आणि सगळा जीव एकवटून फेकला. नारळ दोन लाटांच्या पलीकडे, होड्यांच्याही पलीकडे जाऊन पडला. एकच आरोळी उठली. पोशा आबा हसत हसत काही तरी बोलला. हिराजींना ते ऐकू आलं नाही. त्यांनी मुलीला विचारलं, "काय म्हनतंय तो?"

बाई पाण्यातून परत आल्या, टाचा उंचावून त्यांच्या कानाशी गेल्या आणि साऱ्या गावासमोर ओरडून म्हणाल्या, "म्हणतात, बापापेक्षा लांब गेला!"

"मग?" हिराजी छाती फुगवून गरजले, "गेलाच पायजे!"